तोंड न दाखवण्याची नोकरी

वसाहतीत मला सगळे मुकी म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागे नाही, त्यामुळे त्याचा कधी राग आला नाही. आता येतो. का येतो ते सांगते.

आमच्या राष्ट्रीय उद्यानात अनाथ झालेली अस्वलाची पिल्लं वाढवायचं काम माझ्याकडे आहे. हे ऐकलं की पाहुणे लगेच "अय्या, किती छान!" म्हणून गालावर हात ठेवतात. त्यांना वाटतं मी दिवसभर पिल्लाला मांडीवर घेऊन थोपटत बसते. खरं काम नेमकं उलटं आहे. पिल्लाला माणसाचं तोंड दिसता कामा नये, माणसाचा आवाज कानावर पडता कामा नये आणि माणसाचा वास तर अजिबात लागता कामा नये. दूध कुठून येतं, मुंग्यांची वारुळं कोण उकरून दाखवतं, हे त्याला कळू द्यायचं नाही. कारण एकदा का त्याला माणूस आवडला, की मोठं झाल्यावर ते माणसाकडे येणार. आणि माणसाकडे येणाऱ्या अस्वलाचं काय करतात, ते आमच्या घरातच सगळ्यांना ठाऊक आहे. माझा नवरा उद्यानात गार्ड आहे. बंदूक त्याच्याकडे असते.

म्हणून कामावर जाताना मी गोणपाटाचा पायघोळ अंगरखा घालते. त्यावर चिंध्या आणि वाळकं गवत शिवलेलं, डोक्यावरून टोप, तोंडावर काळी जाळी. हा सगळा सरंजाम रात्रभर कुजक्या पाल्यात आणि अस्वलाच्या शेणात पुरून ठेवायचा आणि सकाळी अंगावर चढवायचा. साबण बंद, तेल बंद, आतमध्ये एक शब्द बोलणं बंद. पिल्लाला बोलवायचं तर दोन काटक्या एकमेकींवर वाजवायच्या. हे सगळं मला आमच्या डॉक्टरबाईंनी शिकवलं, जनावरांच्या डॉक्टर. त्या म्हणायच्या, "तू बाई नाहीस. तू एक चालतं झुडूप आहेस, एवढं लक्षात ठेव." नवऱ्याने ते उचललं. सकाळी चहा हातात देताना विचारायचा, "काय झुडूपबाई, साखर पुरे का?" आणि सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर मुकी, आणि घरात पाऊल टाकलं की हिचा रेडिओ सुरू." खोटं नव्हतं ते. दिवसभर साठलेलं कुठेतरी सांडणारच. पण सांडायला लागलं की नवरा पेंगायचा, सासूबाईंना नेमकं काहीतरी निवडायचं आठवायचं आणि मुलगी शिकायला मामाकडे, ती फोनवर "हं, हं, बोल" म्हणायची, म्हणजे ऐकत नाहीये.

चार पिल्लं मी अशी वाढवून जंगलात सोडली. चौथं दोन वर्षांनी मला पाणवठ्यावर दिसलं. मी साध्या कपड्यांत होते, पन्नास पावलांवर. त्याने मान वर करून पाहिलं, माझा वास घेतला आणि नाक फेंदारून पळत सुटलं. डॉक्टरबाईंनी माझी पाठ थोपटली, म्हणाल्या, "याला म्हणतात काम!" मीही हसले. घरी येऊन मात्र न्हाणीघरात जाऊन रडले. सोळा महिने दूध पाजलेलं पोर आपल्याला बघून पळतं आणि त्याबद्दल आपली पाठ थोपटतात, अशी नोकरी जगात दुसरी कुठली असेल तर मला सांगा.

पाचवं आलं ते माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढं. आई गाडीखाली गेलेली. आम्ही पिल्लांना नाव ठेवत नाही, नंबर देतो. हा नंबर पाच. सात महिन्यांत गोलमटोल झाला. मी मनात त्याला ढोल्या म्हणायला लागले. मनात म्हणायला बंदी नव्हती.

त्याच सुमाराला डॉक्टरबाई तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेल्या आणि मुख्य कार्यालयातून एक कॅमेरावाली मुलगी आली. उद्यानात राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांवर तिला एक फिल्म करायची होती. आमच्यात तसे नग काही कमी नाहीत. खिडकीतला तिकीटवाला चाळीस पक्ष्यांचे आवाज काढतो आणि बायकोने हाक मारली की त्याला ऐकू येत नाही. पूलवाले काका सव्वीस वर्षं एकच लाकडी पूल दुरुस्त करतायत, आणि एवढ्या वर्षांत त्यातली एकही मूळची फळी उरलेली नाही. त्या सगळ्यांचं चित्रण झालं आणि मग स्वारी माझ्याकडे आली.

"ताई, ही जाळी काढा ना. लोकांना तुमचा चेहरा दिसायला हवा," ती म्हणाली.

"नाही काढता येत. पिल्लाने बघायचं नसतं."

"मग लोक काय बघणार? गोणपाट?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणजे उद्यानाचे मुख्य अधिकारी. मला वाटलं ते तिला गप्प करतील. ते म्हणाले, "बाई, चारच दिवसांचा प्रश्न आहे. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"डॉक्टरबाईंना विचारलं पाहिजे."

"डॉक्टरबाईंना मी सांगेन."

इथे मी मोठी तत्त्वाची बाई असल्याचा आव आणू शकते. सगळं साहेबांवर ढकलायला सोपं आहे आणि वसाहतीत सगळे तसंच ढकलतात. पण दुसऱ्या दिवशी मी साबणाने डोकं धुतलं. कपाटातले ठेवणीतले कपडे काढले. नवरा म्हणाला, "वा, आज झुडपाला बहर आला." मी लाजले. सात वर्षं तोंड झाकून काम केलं होतं, कोणीतरी ते बघायला मागत होतं, आणि मला ते हवं होतं. हे आधी कबूल करते, कारण पुढचं याहून वाईट आहे.

जाळी काढून मी ढोल्यासमोर बसले. तो दबकून मागे सरला. कॅमेरावाली म्हणाली, "बोला ना ताई, रोज बोलता तसं."

"मी रोज बोलत नाही."

"मग आज बोला!"

मी म्हटलं, "ये रे ढोल्या. ये, दूध पी." आवाज घोगरा निघाला. ढोल्याचे दोन्ही कान ताठ झाले. मान एका बाजूला कलली. मग तो एक एक पाऊल टाकत आला, माझ्या गुडघ्यावर दोन्ही पंजे ठेवले आणि दूध सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आणखी काहीतरी बोल, म्हणून बघत राहिला. मी बोलले. चार दिवस बोलले. कॅमेरावाली खूश होऊन गेली.

पाचव्या दिवशी मी परत अंगरखा चढवला, जाळी लावली, काटक्या वाजवल्या. ढोल्या आला, नाक जाळीला लावून बसला आणि वाट बघायला लागला. दूध तसंच. मी अर्धा तास दात आवळून बसले. मग इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "पी रे बाबा."

आणि मग मी रोज बोलले. साहेबांनी मला चार दिवस बोलायला लावलं, पुढचे अडीच महिने मी आपणहून बोलले. सासूबाई कशा माझ्याच हातच्या चहाला नाक मुरडतात ते सांगितलं. गुडघा दुखतो ते सांगितलं. मुलगी आता सुट्टीतही घरी यायला कां कूं करते ते सांगितलं, आणि त्याने जाळीवरून माझं तोंड चाटलं. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं घरात कधी कोणी ऐकलं नव्हतं. मला कळत होतं मी काय करतेय. चार पिल्लं वाढवलेल्या बाईला कळणार नाही तर कोणाला? उद्यापासून बंद, असं रोज म्हणायचे.

डॉक्टरबाई परतल्या त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना माहिती केंद्रात बसवून फिल्म दाखवली. पडद्यावर मी बिनजाळीची, शेजारी ढोल्या, आणि मोठ्या आवाजात "ये रे ढोल्या, ये, दूध पी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंनी नाही वाजवल्या. बाहेर येऊन त्यांनी आधी साहेबांची अशी काही कानउघाडणी केली, की तिकीटवाला खिडकी बंद करून आत बसला. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला होता.

"किती दिवस चाललं हे?"

"चार."

"चारच? नीट आठवून सांग. चारच दिवस असतील तर या वयात तो विसरून जाईल, माझी खात्री आहे. जास्त असेल तर मी त्याला जंगलात सोडणार नाही. मोठ्या कुंपणात ठेवीन, जन्मभर. जागा आहे तशी. जगेल तरी. नंतर बोलली नाहीस ना?"

"नाही."

त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, "तू असं करणार नाहीस, माहीत होतं मला."

आता लोक म्हणतील, बिचारीला पोर कुंपणात अडकलेलं बघवलं नसतं, म्हणून खोटं बोलली. मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगितलं. पण तसं नव्हतं. मी जेमतेम चौथी शिकलेली, आणि या एवढ्या शिकलेल्या बाईने चारचौघांत मला सांगितलं होतं की माझ्यासारखं काम कोणाला जमत नाही. तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला. एवढंच कारण.

त्या दिवसापासून मात्र मी खरंच तोंडाला कुलूप घातलं. सहा महिने. ढोल्या रोज यायचा, नाक जाळीला लावायचा, थांबायचा आणि निघून जायचा. पुढे पुढे तो थांबेनासा झाला. मला वाटलं, विसरला. तो स्वतः दगड उलटवून किडे खायला लागला, कुजके ओंडके फोडायला लागला, झाडावर चढून मध काढायला लागला. दीड वर्षाचा झाल्यावर आम्ही त्याला चाळीस किलोमीटरवर, उद्यानाच्या पार पलीकडच्या टोकाला सोडलं. पेटी उघडल्यावर त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. सुटले, असं वाटलं मला.

दीड महिन्याने, भर दुपारी, तो माहिती केंद्राच्या मागे येऊन बसला.

तिकिटाच्या रांगेतल्या लोकांची करमणूक व्हावी म्हणून साहेबांनी केंद्राच्या मागच्या भिंतीवर कर्णा लावला होता. आतली फिल्म दिवसभर सुरू, तिचा आवाज बाहेर. मी तिकडे फिरकत नसे, स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटायचं. नवऱ्याने घरी येऊन सांगितलं, "तुझा पाच नंबर आला होता गं. कोणाला काही केलं नाही. त्या कर्ण्याच्या खाली भिंतीला डोकं टेकून बसला होता. फटाके वाजवले तेव्हा उठला." सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलं असेल मेल्याला."

त्यांना कोणालाच कळलं नव्हतं. मला ऐकताक्षणी कळलं, तो वाढला त्या जागेकडे परत फिरला आणि वाटेत त्याच्या कानावर माझा आवाज पडला.

डॉक्टरबाईंनी त्याला बेशुद्धीची सुई मारून परत पलीकडे नेऊन सोडलं. नवव्या दिवशी तो पुन्हा त्याच भिंतीशी. पुन्हा सुई, पुन्हा गाडी. डॉक्टरबाई चक्रावल्या होत्या. "कचऱ्याच्या डब्यांना हात लावत नाही, तंबूंकडे जात नाही. मग याला इथे हवंय काय?" आणि नियम असा, की तिसऱ्यांदा माणसांच्या वस्तीत आलेल्या अस्वलाला, येण्याचं कारण कळलं नाही तर, सोडायचं नाही, मारायचं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, तेवढी फिल्म बंद करता का?"

"का हो बाई? सगळ्यात जास्त तुमचाच भाग आवडतो लोकांना."

का, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. साहेबांना सांगितलं की डॉक्टरबाईंना कळणार. मी म्हटलं, "माझा आवाज चांगला येत नाही त्यात."

साहेब खो खो हसले. "अहो, छान येतो! बायकांचं हे असंच."

मी त्यांच्याबरोबर थोडंसं हसून परत आले. हे मला सगळ्यात जास्त खातं. खोटं बोलले ते एकवेळ घाबरून. पण तिथे, त्या खुर्चीसमोर, मी हसले.

तिसऱ्या वेळी सुट्टीचा दिवस होता आणि रांग फाटकाबाहेर गेलेली. ढोल्याला बघून पळापळ झाली. त्याने कोणाला नखही लावलं नव्हतं, पण एक म्हातारे गृहस्थ धक्का लागून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मुख्य कार्यालयातून फोन आला. लोकांना बसमध्ये बसवून बाहेर काढलं आणि फिल्म बंद केली. आवाज थांबल्यावर ढोल्या उठून मागच्या दाट झुडपांत शिरला. नवऱ्याला हुकूम मिळाला. डॉक्टरबाई दुसऱ्या टोकाला होत्या, पोचायला दोन तास लागणार होते. वायरलेसवर त्या ओरडत होत्या, "थांबवा! आधी मला कारण तर कळू दे!"

मी घरून पळत आले तेव्हा साहेब वायरलेस हातात धरूनच उभे होते. बटण दाबून मला एकच वाक्य बोलायचं होतं. डॉक्टरबाई, मी अडीच महिने बोलत होते, तो माझा आवाज ऐकून येतो. त्यांनी ताबडतोब त्याला कुंपणात ठेवायला लावलं असतं. एक वाक्य. मी त्याऐवजी दगड उचलला. म्हटलं, आपणच हाकलून देऊ त्याला, इतका लांब की परत येणार नाही, मग कोणाला काही सांगायची गरजच नाही.

"अगं, मागे हो!" नवरा ओरडला. मी थेट झुडपांसमोर गेले आणि शिव्या घालायला सुरुवात केली. "चल नीघ इथून! मुडद्या, काळं कर तोंड! परत दिसलास तर बघ!" आणि एक दगड फेकला, दुसरा फेकला.

त्याला शब्द थोडेच कळत होते? त्याला आवाज कळत होता. जाळीला नाक लावून ज्याची वाट पाहिली तो आवाज, आणि तोही कर्ण्यातून नाही, खराखुरा. झुडपं हलली आणि ढोल्या बाहेर आला. मी आणखी जोरात ओरडले. तो आणखी जोरात धावला. एक दगड त्याच्या नाकावर बसला, त्याने मान झटकली आणि तसाच येत राहिला, दोन्ही कान ताठ करून. मी ओरडायची थांबले असते तर कदाचित तोही थांबला असता. मला ते सुचलं नाही.

नवऱ्याने गोळी झाडली. नेम त्याचा चांगला आहे. ढोल्या माझ्यापासून चार हातांवर पडला.

नवऱ्याने बंदुकीतल्या उरलेल्या गोळ्या काढल्या, माझ्याजवळ आला आणि फक्त माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात म्हणाला, "चार दिवसांत असं नाही होत."

मी हातातला दगड खाली टाकला.

"रोज?"

मी हो म्हणून मान हलवली. त्याने तोंड फिरवलं. वीस वर्षांच्या संसारात तो माझ्यावर ओरडला आहे, रुसला आहे, एकदा ताट भिरकावून दिलं आहे. असं तोंड कधी फिरवलं नव्हतं.

गार्डच्या खोलीत बसून त्याने अहवाल लिहिला. अक्षर त्याचं शाळेतल्या मुलासारखं, एकेक शब्द दाबून लिहिलेला. अस्वल कर्मचारी महिलेच्या अंगावर हल्ला करण्यासाठी धावून गेले. तिचा जीव वाचवण्यासाठी गोळी झाडावी लागली. कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "सही कर." हे त्याने माझ्यासाठी केलं, हे मला कळत होतं. हल्ला शब्दावर माझी नजर अडकली. मी सही केली.

डॉक्टरबाईंनी संध्याकाळपर्यंत ढोल्याची तपासणी केली. बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत हात धुतलेले होते आणि डोळे लाल होते. नवरा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मी उभी होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोट गच्च भरलेलं होतं गं त्याचं," त्या म्हणाल्या. "मुंग्या, कंद, जंगली फळं, मध. एकही गोष्ट माणसाची नाही. इतकं छान शिकवलंस तू त्याला. तुझी काही चूक नाही, अंगावर आला तर काय करणार?" मग हात काढून त्यांनी बाहीने डोळे पुसले. "एकच कळत नाही. खायला येत नव्हता, मग इथे येत कशाला होता?"

नवऱ्याचे हात नाडीवर थांबले. त्याने वर पाहिलं नाही.

मी म्हटलं, "काय माहीत, डॉक्टरबाई."